घाणेरी इथे दाट, तिथे विरळ: आक्रमक झुडपांच्या फैलावात जागेचा वाटा किती?

जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरशासकीय मंचाने सप्टेंबर २०२३ मध्ये परकीय आक्रमक प्रजातींविषयीचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. माणसाच्या हातून मूळ प्रदेशाबाहेर पोहोचलेल्या ३७ हजारांहून अधिक प्रजातींचा उल्लेख त्यात होता आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती घातक ठरल्याचे म्हटले होते. बातम्यांमध्ये हे मोठे आकडे गाजले. मला मात्र त्याच अहवालातील एक छोटा आकडा अधिक बोलका वाटतो: परक्या वनस्पतींपैकी आक्रमक ठरलेल्यांचे प्रमाण अवघे सहा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव वनस्पती नव्या प्रदेशात येऊनही कुणाच्या खिजगणतीत नसतात आणि उरलेल्या सहा जंगलेच्या जंगले व्यापतात.

त्या सहाही सर्वत्र सारख्या पसरत नाहीत. घाणेरी, म्हणजेच टणटणी किंवा लँटाना, ज्या जंगलात शिरली आहे तिथे वाटेच्या कडेला तिची भिंत उभी असते आणि त्याच वाटेपासून काही अंतरावर, मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत, तिचे एखादेच मरगळलेले रोप सापडते. फळे खाणारे पक्षी तर दोन्हीकडे हिंडतात आणि दोन्हीकडे बिया टाकतात. मग हा फरक कशामुळे पडतो? झुडपाच्या स्वभावाइतकेच, आणि बऱ्याचदा त्याहून अधिक, याचे उत्तर जागेत असते. झुडूप उपटण्याच्या मोहिमा वारंवार का फसतात, याचे उत्तरही तिथेच मिळते.

आधी दोन शब्द

‘आक्रमक झुडूप’ म्हणजे माणसाने जाणूनबुजून किंवा नकळत परक्या प्रदेशात नेलेले, तिथे कुणाच्या मदतीशिवाय वाढणारे आणि स्थानिक वनस्पतींना मागे सारत पसरणारे झुडूप. नुसते परके असणे पुरेसे नाही. बागेतली कितीतरी झुडपे परकी असतात आणि कुंपण ओलांडत नाहीत.

‘जागेची स्थिती’ म्हणजे एखाद्या ठिकाणी उगवणाऱ्या रोपाच्या वाट्याला जे जे येते ते सारे: ऊन, ओल, मातीचा कस आणि आम्लता, उतार, पाचोळ्याचा थर, शेजारची झाडे, चरणारे प्राणी, आग, आणि त्या जमिनीचा पूर्वेतिहास. ही स्थिती जंगलागणिक बदलते, पण एकाच जंगलात दहा पावलांवरही बदलू शकते, आणि बहुतेक नकाशांमध्ये नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

एकाखाली एक लावलेल्या चाळण्या

एकाखाली एक अशा चार-पाच चाळण्या लावून वरून बिया ओतल्या आहेत, असे समजू. पहिली चाळणी हवामानाची आहे. घाणेरीला कडक हिमतुषार सोसत नाही, त्यामुळे जिथे दरवर्षी जमीन गोठते तिथे ती पहिल्याच चाळणीत अडकते. दुसरी चाळणी मातीची आहे. पाणी साचून राहणाऱ्या किंवा खारट जमिनीतही घाणेरीचा जम बसत नाही. त्याखाली उजेडाची, पाचोळ्याची आणि शेजाऱ्यांशी होणाऱ्या स्पर्धेची चाळणी असते. सर्वांतून खाली उतरलेली बीच झुडूप होते.

या चाळण्या किती बारीक असू शकतात, हे ब्रिटन आणि आयर्लंडमधील ऱ्होडोडेंड्रॉनच्या उदाहरणातून चांगले कळते. तिकडे त्रासदायक ठरलेली ही प्रजाती अठराव्या शतकात शोभेसाठी नेण्यात आली. एका मोठ्या झुडपाला वर्षाला दहा लाखांहून अधिक बिया येऊ शकतात आणि त्या इतक्या हलक्या असतात की वाऱ्यावर सहज उडतात. एवढा बियांचा पाऊस पडत असताना सारी बेटे एव्हाना व्यापली जायला हवी होती. तसे झालेले नाही, कारण चुनखडीयुक्त जमिनीवर हे झुडूप तग धरत नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते. आम्लधर्मी मातीतही त्याची बी जाड पाचोळ्यात किंवा घट्ट गवतात रुजत नाही. बी एवढीशी असल्यामुळे तिच्यातला अन्नसाठाही एवढासाच असतो, आणि पाचोळ्याचा थर भेदून मातीपर्यंत मूळ नेण्याआधीच तो संपून जातो. त्याला हवा असतो ओलसर शेवाळ्याचा पातळ गालिचा किंवा नुकतीच उघडी पडलेली माती. आयर्लंडमधील किलार्नीच्या ओक वनांत हवा दमट, माती आम्लधर्मी आणि खडकांवर शेवाळे मुबलक आहे, आणि ऱ्होडोडेंड्रॉनने सर्वाधिक छळलेल्या वनांत या वनांची गणना होते.

म्हणजे लाखो बियांचे भवितव्य दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या थरावर ठरते. म्हणूनच ‘हे झुडूप किती बिया देते’ एवढ्यावरच थांबणारी माहिती मला अर्धवट वाटते.

उजेड: सर्वांत मोठा दरवाजा

दाट सदाहरित वर्षावनात शेंड्यांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो. झाडांच्या शेंड्यांनी मिळून बनलेल्या या छपराला ‘पर्णछत्र’ म्हणतात. ते अखंड असेल तर खाली उगवलेल्या रोपाला जगण्यापुरतीही कमाई होत नाही. घाणेरी आणि रानमोडी ही दोन्ही झुडपे उन्हाची भुकेली आहेत. फिरती शेती सोडून दिलेल्या जमिनीवर पहिली काही वर्षे रानमोडीचे रान माजते, पण झाडे वाढून पर्णछत्र मिटले की तीच रानमोडी आपोआप मागे हटू लागते. कुणी तिला कापावे लागत नाही.

पर्णछत्राला भोक कशानेही पडते: वादळाने, लाकूडतोडीने, रस्त्याने, वीजवाहिनीखालच्या मोकळ्या पट्ट्याने, किंवा एखाद्या रोगाने किंवा किडीने झाडे वाळल्यामुळे. त्यातही रस्ता हा सर्वांत कपटी म्हणावा लागेल. वादळाने पडलेले भोक काही वर्षांत पुन्हा भरून येते. रस्ता मात्र वर्षानुवर्षे उघडा राहतो, त्याच्या दोन्ही कडांची माती वेळोवेळी उकरली जाते, आणि वाहनांच्या चाकांना चिकटलेल्या मातीबरोबर बियाही येत राहतात. ऊन, उघडी माती आणि बियांचा अखंड पुरवठा या तिन्ही गोष्टी रस्ता एकत्र आणून ठेवतो. जंगलाचे सलग तुकडे फोडण्याचा परिणामही असाच होतो, कारण तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड अधिक, आणि कडेवर ऊन आडवे आत शिरते.

उजेडाचा प्रश्न केवळ ‘किती’ एवढाच नाही, ‘केव्हा’ हाही आहे. उत्तर अमेरिकेच्या पानझडी जंगलांत शिरलेले आमूर हनीसकल हे झुडूप वसंतात स्थानिक झुडपांच्या दोन-तीन आठवडे आधी पालवते आणि शरदातही त्यांच्यानंतर पाने गाळते. वरची झाडे निष्पर्ण असताना जमिनीपर्यंत येणारे ऊन ते एकटेच उपभोगते. भर उन्हाळ्यात मोजमाप करून ‘इथे गर्द सावली आहे’ अशी नोंद करणाऱ्याला ही पळवाट दिसतच नाही.

रिकामे झालेले आसन कुणाला मिळते?

मार्क डेव्हिस, फिलिप ग्राइम आणि केन थॉम्पसन या परिस्थितीशास्त्रज्ञांनी २००० साली एक साधा विचार मांडला: एखाद्या ठिकाणी ऊन, पाणी किंवा पोषकद्रव्ये यांपैकी काहीतरी न वापरलेले शिल्लक राहते, तेव्हा ते ठिकाण आक्रमणाला खुले होते. शिल्लक दोन प्रकारांनी पडते. एक तर पुरवठा वाढतो, किंवा वापरणारे कमी होतात.

गच्च भरलेल्या रेल्वेगाडीचे उदाहरण घेऊ. आसने भरलेली आहेत तोवर नव्या प्रवाशाला बसायला मिळत नाही. एखाद्या स्थानकावर दहा जण उतरतात आणि ती आसने जवळ उभ्या असलेल्यांना मिळतात. सर्वांत लायक प्रवाशाला ती मिळतातच असे नाही. जंगलात झाडे पडणे, जमीन उकरली जाणे, गुरांनी गवत खाऊन टाकणे म्हणजे आसने रिकामी होणे, आणि पक्ष्यांनी, वाऱ्याने वा वाहनांनी सतत बिया आणून टाकणे म्हणजे आसनाजवळ उभे असणे. या दुसऱ्या गोष्टीला ‘बीजांचा मारा’ म्हणू. दोन्ही एकाच वेळी जुळल्याखेरीज आक्रमण घडत नाही. जागा कितीही मोकळी असली तरी बी पोहोचलीच नाही तर काही होत नाही, आणि बियांचा मारा प्रचंड असेल तर जागेतली लहानशी फटही पुरते.

आसने रिकामी करण्यात चरणाऱ्या प्राण्यांचा वाटा अनेकदा विसरला जातो. पूर्व अमेरिकेच्या जंगलांत हरणांची संख्या फार वाढली आहे. ती स्थानिक झाडांची कोवळी रोपे आवडीने खातात आणि काटेरी जपानी बार्बेरीला, म्हणजे दारुहळदीच्या त्या परदेशी बहिणीला, सहसा तोंड लावत नाहीत. पर्णछत्र तसेच असते, मातीही तीच असते, तरीही जमिनीलगतचा मजला रिकामा होतो आणि बार्बेरी तो भरून काढते.

माती जुने हिशेब विसरत नाही

जपानी बार्बेरीची आणखी एक कहाणी आहे. ती १८७५ मध्ये अमेरिकेत पोहोचली. आज न्यू इंग्लंडच्या काही जंगलांत ती सावलीत दाट उभी दिसते, तर शेजारच्या तितक्याच सावलीच्या जंगलात अगदी थोडी असते. मॅसॅच्युसेट्समधील अशा जंगलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आजच्या प्रकाशापेक्षा कालचा इतिहास अधिक महत्त्वाचा ठरला. जी जमीन पूर्वी शेतीखाली होती आणि नंतर सोडून दिल्यावर जिथे पुन्हा जंगल उभे राहिले, तिथे बार्बेरी अधिक आढळली. जमीन मोकळी असतानाच्या काळात तिने पाय रोवले आणि पुढे झाडे वाढून सावली झाली तरी ती टिकून राहिली.

याचा अर्थ असा की आजची स्थिती मोजून आजच्या फैलावाचे कारण नेहमीच सापडेल असे नाही. दार आज बंद दिसते, पण ते पन्नास वर्षे उघडे होते.

पाहुण्याने घराची मांडणीच बदलली तर?

आतापर्यंत जागा ठरवते आणि झुडूप तिच्या मर्जीनुसार वागते, असे चित्र उभे राहिले असेल. ते अपुरे आहे. काही झुडपे एकदा बसली की जागाच आपल्या सोयीची करून घेतात, आणि या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा, म्हणून सर्वांत रोचक, भाग हाच आहे.

न्यू जर्सीतील जंगलांत बार्बेरीखालची माती तपासली गेली, तेव्हा ती शेजारच्या स्थानिक झुडपांखालील मातीपेक्षा कमी आम्लधर्मी होती आणि तिच्यात नायट्रेटचे, म्हणजे वनस्पतींना चटकन शोषता येणाऱ्या नत्राच्या रूपाचे, प्रमाण अधिक होते. इथे शंका रास्त आहे: मुळात अशाच मातीत बार्बेरी उगवली नसेल कशावरून? म्हणून सारख्याच मातीत वेगवेगळी झुडपे लावून प्रयोग करण्यात आला, आणि काही महिन्यांतच मातीतील सूक्ष्मजीवांची घडण बदललेली आढळली. झुडपाने माती निवडली असेलही, पण त्याने ती बदलली हे नक्की.

बोरीच्या कुळातील बकथॉर्न हे झुडूप याच वाटेने आणखी पुढे जाते. त्याच्या पानांत नत्र भरपूर असते, त्यामुळे पाचोळा झपाट्याने कुजतो. उत्तर अमेरिकेचा जो भाग शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली होता, तिथल्या जंगलांत मुळात गांडुळे नव्हती. आज तिथे असलेली गांडुळे युरोप आणि आशियातून आलेली आहेत. शेतकऱ्याचा मित्र म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी तिथल्या वनांत पाचोळ्याचा थर फस्त करतो, आणि उघड्या पडलेल्या मातीत बकथॉर्नची रोपे अधिक सहज रुजतात. एक परका दुसऱ्या परक्यासाठी अंथरूण घालून ठेवतो, अशी ही साखळी आहे. डॅनियल सिंबर्लॉफ आणि बेट्सी व्हॉन होल यांनी १९९९ मध्ये या परस्परसाहाय्याकडे लक्ष वेधले होते.

हवाईच्या कोवळ्या ज्वालामुखी मातीत नत्राची वानवा असते आणि तिथली मूळ वनस्पतिसृष्टी त्या गरिबीत जगायला सरावलेली आहे. तिथे ‘फाया’ हे हवेतील नत्र मातीत आणणारे झाड शिरले आणि १९८० च्या दशकात पीटर व्हिटूसेक व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्याने जमिनीत पडणारी नत्राची भर कित्येक पटींनी वाढवली. गरीब माती ही तिथल्या जंगलाची तटबंदी होती, आणि ती आतून पोखरली गेली.

‘दाट, अखंड जंगलाला तर धोका नाही ना?’

उजेडाविषयीचा भाग वाचून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. घाणेरी आणि रानमोडीपुरता तो बराचसा खरा आहे, पण सर्व झुडपांना लागू नाही.

अंजनीच्या कुळातील क्लिडेमिया हे झुडूप मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. कोस्टा रिकात, म्हणजे आपल्या माहेरी, ते मोकळ्या जागा आणि रस्त्याच्या कडा यांपुरतेच मर्यादित असते, तर हवाईत ते थेट जंगलाच्या सावलीत शिरते. झुडूप तेच असताना दोन ठिकाणी दोन स्वभाव कसे? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोस्टा रिकातील सावलीत क्लिडेमियाची रोपे लावून काहींवर बुरशीनाशक आणि कीटकनाशक फवारण्यात आले. फवारलेली रोपे सावलीतही अधिक संख्येने जगली. हवाईत मात्र फवारणीने काही फरक पडला नाही, कारण तिथे त्याला खाणारे आणि पोखरणारे शत्रू मुळातच नव्हते. सावलीत रोपाची कमाई तुटपुंजी असते. त्यातून किडीने वाटा उचलला तर काही उरत नाही, आणि किडीच नसतील तर तेवढ्याच कमाईवर संसार चालतो.

जागेच्या स्थितीत ‘शत्रू हजर आहेत की नाहीत’ हाही मुद्दा धरावा लागतो तो यासाठी. मूळ प्रदेशात एखादे झुडूप सावली टाळते, म्हणून नव्या प्रदेशातही टाळेल, अशी खात्री देता येत नाही.

‘समृद्ध जंगल स्वतःचे रक्षण करते, असे म्हणतात’

हा विचार जुना आहे आणि अंशतः बरोबर आहे. चार्ल्स एल्टन यांनी १९५८ मध्ये असे मांडले की जिथे प्रजाती कमी, तिथे आक्रमण सोपे. एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यात हे बरेचदा दिसते, कारण शेजारी जितके विविध, तितकी शिल्लक कमी. पण संपूर्ण जिल्हा किंवा राज्य एकक धरून मोजणी केली तर उलट चित्र समोर येते: जिथे स्थानिक प्रजाती भरपूर, तिथे परक्याही भरपूर. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. मोठ्या क्षेत्रात सुपीक माती, पुरेशी ओल आणि विविध प्रकारच्या जागा असतात, आणि त्या सगळ्यांनाच मानवतात, मग ते घरचे असोत की बाहेरचे. तेव्हा ‘आमचे जंगल समृद्ध आहे’ एवढे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

‘हे झुडूप तर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, मग आताच भीती कशाची?’

जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रदेशात बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांचा इंगो कोवारिक यांनी अभ्यास केला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. लागवड झाल्यापासून झुडूप आपणहून पसरू लागेपर्यंत सरासरी १३१ वर्षे लोटली होती. वृक्षांच्या बाबतीत १७० वर्षे. या मधल्या काळाला ‘सुप्त काळ’ म्हणतात. झुडूप या काळात हजर असते, पण जागा त्याला अनुकूल झालेली नसते किंवा बियांचा साठा पुरेसा झालेला नसतो. मग थंडी सौम्य होते, एखादा रस्ता होतो, चराईची पद्धत बदलते, आणि शंभर वर्षे गरीब वाटलेले झुडूप दहा वर्षांत टेकडी व्यापते. घाणेरी भारतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिच्यामुळे देशातील वाघांच्या अधिवासाच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राला धोका असल्याचे म्हटले.

आग लावावी की विझवावी?

या प्रश्नावर जाणकारांतही मतभेद आहेत, आणि एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एक मत असे: आगीने पर्णछत्र उघडते, त्यात घाणेरी शिरते, तिच्या वाळक्या काड्यांचे जाळे पुढच्या आगीला जमिनीवरून फांद्यांपर्यंत चढायला शिडी देते, ती आग स्थानिक रोपे मारते, आणि बुंध्यापासून पुन्हा फुटणारी घाणेरी रिकाम्या जागेत अधिकच दाट होते. हे चक्र एकदा सुरू झाले की स्वतःच फिरत राहते.

दुसरे मत कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांत राहणाऱ्या सोलिग समाजाचे. हे लोक पूर्वी कोरड्या ऋतूच्या आरंभी पाचोळ्याला हलकी आग लावत. त्यांचे म्हणणे असे की या आगीत घाणेरीची कोवळी रोपे मरत आणि ती आटोक्यात राही. १९७० च्या दशकात तिथे अभयारण्य झाले, आगी बंद झाल्या आणि घाणेरी वाढली. तिथल्या जंगलाची पाहणी केली असता १९९७ मध्ये ४१ टक्के नमुना-जागांत घाणेरी आढळली होती, आणि २००८ मध्ये ती ८१ टक्के जागांत होती. एवढ्या आकड्यांवरून आगबंदीलाच दोषी ठरवता येणार नाही, कारण मधल्या काळात इतर गोष्टीही बदलल्या होत्या. परंतु जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचे हे निरीक्षण झटकून टाकण्यासारखेही नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही मतांत खरा विरोध कमी आहे. घाणेरी विरळ आणि कोवळी असताना, ओलाव्याच्या दिवसांत, पाचोळ्यापुरती जळणारी आग वेगळी. घाणेरीचे दाट जाळे झाल्यावर, भर उन्हाळ्यात पेटलेली आग वेगळी. पहिली आग चाळणी बारीक करते आणि दुसरी ती फाडून टाकते. पहिली आग आज परत सुरू करायची म्हटले, तर जिथे जळण आधीच साचलेले आहे तिथे ती दुसरीच होऊन बसण्याचा धोका असतो.

‘मग सरळ तोडून का टाकत नाही?’

वरवर कापलेली घाणेरी बुंध्यापासून पुन्हा फुटते. शिवाय तोडणी ही स्वतःच एक उलथापालथ आहे: ऊन जमिनीवर येते, माती उकरली जाते आणि मातीत दडलेल्या बिया जाग्या होतात. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे हे काम आहे. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीच्या पातळीखाली छाटून झुडूप उलटे करून ठेवतात, जेणेकरून ते पुन्हा मूळ धरणार नाही. यात मातीही कमी हलते. त्यानंतरची पायरी मात्र अनेकदा गाळली जाते: मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवत, झुडपे आणि झाडे लवकर उभी राहिली नाहीत, तर रिकामे आसन पुन्हा जवळ उभ्या असलेल्यालाच मिळते.

कुठून सुरुवात करायची, हेही जागा पाहूनच ठरवावे लागते. सहसा सर्वांत दाट पट्टा आधी साफ करण्याकडे कल असतो, कारण केलेले काम तिथे डोळ्यांत भरते. मायकेल मूडी आणि रिचर्ड मॅक यांनी १९८८ मध्ये गणिती मांडणीतून दाखवले की मुख्य पट्ट्यापासून दूर उगवलेले लहान-लहान पुंजके आधी काढणे बहुधा अधिक फायद्याचे असते. वणवा विझवणारेही उडून दूर पडलेल्या ठिणग्यांकडे आधी धावतात. या पुंजक्यांत जे पर्णछत्राच्या भोकाशी, रस्त्याच्या वळणाशी किंवा ओढ्याच्या उघड्या काठाशी असतील त्यांना प्राधान्य द्यावे. जे मिटत चाललेल्या सावलीत सापडले असतील, तिथली सावली राखणे हाच त्यांच्यावरचा स्वस्त उपाय आहे.

शत्रू-कीटक आणून सोडले तर?

घाणेरीवर हा उपाय १९०२ पासून, हवाईत सुरुवात होऊन, अनेक देशांत झाला आहे. काही ठिकाणी तो थोडाबहुत लागू पडला. बहुतेक ठिकाणी घाणेरी तगून राहिली. कीटकांनाही त्यांची जागा लागते. कोरड्या ऋतूत घाणेरी पाने गाळते, तेव्हा पानांवर जगणारे कीटक उपाशी मरतात आणि पुढच्या पावसात झुडूप त्यांच्याआधी सावरते. उंचावरच्या थंड हवेत तर काही कीटकांचा जमच बसत नाही.

किती वर्षे मागे लागावे लागते?

याचे उत्तर मातीतल्या बियांच्या साठ्यावर, म्हणजे बीजपेढीवर, अवलंबून असते. ताहिती बेटावर १९३७ मध्ये एका वनस्पती उद्यानात मायकोनिया लावण्यात आली. ही क्लिडेमियाच्याच कुळातली, पण लहान वृक्षाएवढी वाढणारी आणि सावली सोसणारी वनस्पती आज त्या बेटाच्या सुमारे दोन तृतीयांश भागावर पसरली आहे. तिच्या बिया मातीत पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. त्यामुळे एखाद्या उतारावरचे शेवटचे झाड उपटले, त्या दिवसापासून पंधरा वर्षांची मोजणी सुरू होते, आणि एखाद्या वर्षीची फेरी चुकून एकच रोप फळापर्यंत पोहोचले तर ती मोजणी पुन्हा शून्यापासून.